आश्विनातील ऊन आणि जमिनीतील ओल: लहान कोरडवाहू शेतकऱ्यांसाठी सल्ला

सोलापूर, धाराशिव आणि बीड या जिल्ह्यांतील ज्या कुटुंबांचे धान्य, डाळ, चारा आणि बियाणे दोन-तीन एकरांतूनच निघते, त्यांच्यासाठी आश्विन हा वर्षातील सर्वांत निर्णायक महिना आहे; कारण परतीच्या पावसाची ओल आणि ऑक्टोबरचे कडक ऊन या काळात एकदमच हाताशी येतात आणि दोन्हींचा उपयोग वेळेत करावा लागतो.

मूग-उडीद निघालेल्या रानात वाफसा (जमीन ना फार ओली ना कोरडी, पेरणीजोगी स्थिती) येताच रब्बी ज्वारीची पेरणी करावी. १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर हा तिचा योग्य काळ असून त्यानंतर पेरलेल्या पिकाला दाणे भरताना ओल कमी पडते. हलक्या जमिनीत फुले अनुराधा, मध्यम जमिनीत फुले सुचित्रा किंवा मालदांडी ३५-१ आणि भारी जमिनीत फुले वसुधा हे ज्वारीचे वाण घ्यावे. घरचेच बियाणे वापरायचे असल्यास आधी त्याची उगवण पाहावी: १०० दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडून गुंडाळी करावी, ती ओलसर ठेवावी आणि पाच-सहा दिवसांनी निकोप कोंब मोजावेत. पंच्याहत्तरपेक्षा कमी उगवल्यास दुसरे बियाणे मिळवणेच शहाणपणाचे आहे, कारण विरळ उगवलेले रान नंतर कशानेही भरून निघत नाही. काणी रोग (कणसात दाण्यांऐवजी काळी भुकटी भरणारा बुरशीचा रोग) टाळण्यासाठी एक किलो बियाण्यास ३०० मेश (अतिशय बारीक चाळलेल्या) गंधकाची ४ ग्रॅम भुकटी चोळावी आणि दोन ओळींत ४५ सेंटीमीटर अंतर ठेवावे.

पेरणीनंतरची खरी मेहनत कोळपणीची, म्हणजे पिकाच्या ओळींमधील माती कोळप्याने हलवून तण काढण्याची आहे. तिसऱ्या आठवड्यात फटीच्या (पात्यात मधे फट असलेल्या), पाचव्यात पासेच्या (अखंड पात्याच्या) आणि आठव्यात दातेरी कोळप्याने कोळपणी करावी. शेवटच्या कोळपणीने भेगा बुजून ओल उडून जाण्याचे थांबते. मजूर मिळत नाहीत म्हणून बरेच जण हीच पाळी सोडतात, तसे करू नये.

घरी ठेवायचा मूग आणि उडीद आता उन्हात वाळवावा. दाणा दाताखाली दबला तर तो अजून ओला आहे. कट् असा आवाज होऊन तुटला, तरच तो साठवण्याजोगा समजावा. भुंगेऱ्याची (कडधान्य पोखरणाऱ्या किड्याची) अंडी शेतातूनच शेंगांवर येतात, म्हणून खाण्यापुरत्या कडधान्याची डाळ लगेच करून घ्यावी आणि बियाणे पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे. सोयाबीनच्या बियाण्याचे टरफल नाजूक असते. मळणी यंत्राचा वेग कमी ठेवावा, पोती आपटू नयेत आणि सातपेक्षा अधिक थरांची थप्पी लावू नये.

बांधावरचे गवत फुलोऱ्यात असतानाच कापून सावलीत वाळवावे, कारण बी गळून गेल्यावर त्यातील पोषण घटते. जनावरांना लाळ-खुरकूत रोगाची लस टोचली नसल्यास पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करून ती याच दिवसांत टोचून घ्यावी. सांडपाण्यावरील परसबागेत मेथी, पालक आणि कोथिंबीर दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी टाकावी, आणि लसणाच्या पाकळ्या ऑक्टोबरअखेर लावाव्यात.