फोटोत आकाशात तेच ते ठिपके: सेन्सर कसा साफ केला (माझा अनुभव)

हर्णै बंदरावरून सुवर्णदुर्गाचे फोटो काढले की आकाशात डावीकडे वर दोन राखाडी ठिपके. लेन्स बदलली तरी तिथेच. म्हणजे दोष सेन्सरवर (लेन्समागे प्रकाश टिपणारा भाग), तिथे धूळ बसलेली.

कॅमेऱ्याचं ऑटो क्लीनिंग दहा वेळा चालवलं, लेन्स पुसली (उगाच). सेन्सरवरच्या धुळीबद्दल लोकांच्या तक्रारी वाचून तर कॅमेरा विकायला निघालो होतो.

आधी खात्री करा. फोकस बिघडवून कोऱ्या आकाशाचा फोटो एफ १६ ला (लेन्सचं छिद्र बारीक), मग एफ ५.६ ला (छिद्र मोठं). माझे ठिपके ५.६ ला दिसेचनात. तुम्ही फक्त लग्नं-बारशी, म्हणजे मोठ्या छिद्राने, काढत असाल तर इथेच थांबा. धुळीची ओरड जरा जास्तच आहे.

मला किल्ला आणि समुद्र हवा, तोही बारीक छिद्राने, म्हणून पुढे गेलो. ओटीवर नाही, आतल्या खोलीत, पंखा बंद करून. बॅटरी पूर्ण भरलेली. लेन्स काढून, क्लीनिंग मोडने सेन्सरपुढचा आरसा वर, कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे, रबरी ब्लोअरचे आठ-दहा झटके, टोक आत न घालता. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. एक ठिपका गेला.

दुसरा चिकट, बहुधा खारा तुषार वाळलेला. माझ्या एपीएस-सी आकाराच्या सेन्सरसाठी १६ मिमीचा स्वॅब (सफाईची चपटी काडी), त्यावर सेन्सर क्लीनरचे दोनच थेंब. या कडेपासून त्या कडेपर्यंत एकदाच ओढला, उलटून कोऱ्या बाजूने परत. फोटोत वर डावीकडे दिसणारा ठिपका समोरून बघताना सेन्सरवर खाली डावीकडे असतो, हे ध्यानात ठेवा.

पुन्हा एफ १६ ला आकाश. डावीकडचे दोन्ही गेले. उजव्या कोपऱ्यात एक बारीकसा दिसतोय, राहू दे.