तेलगळती टाळण्याचं मोल लोकांकडून कसं काढावं

मासेमारी बुडाली, हॉटेलं ओस पडली, तर नुकसान पावत्यांवरून मोजता येतं. पण ज्यांनी तो किनारा कधी पाहिलाही नाही, त्यांनाही तो शाबूत राहावा असं वाटतं. हे मोल लोकांना विचारूनच काढावं लागतं, आणि सगळी मदार प्रश्नावर असते.

नमुन्याला अलास्का घ्या. 24 मार्च 1989 रोजी 'एक्सॉन व्हाल्डेझ' हा टँकर प्रिन्स विल्यम साउंडमध्ये खडकावर चढला आणि सुमारे 4 कोटी लिटर कच्चं तेल सांडलं. राज्याने करवून घेतलेल्या सर्वेक्षणात 'समुद्राची किंमत किती?' असं विचारलं नव्हतं. 1,043 जणांच्या समोरासमोर मुलाखती घेऊन एक योजना मांडली: पुन्हा असं घडू नये म्हणून प्रत्येक टँकरसोबत दोन जहाजं, खर्च एकदाच बसणाऱ्या करातून. तुमच्या घराला इतके डॉलर पडतील. मत बाजूने की विरोधात?

रक्कम मोकळी सोडू नका. "किती द्याल?" म्हटलं की तोंडाला येईल तो आकडा मिळतो. गट पाडून प्रत्येकाला वेगळी रक्कम सांगा. अलास्कात पहिल्या प्रश्नाला 10, 30, 60 आणि 120 डॉलर होते. मत घेण्याआधी बजावून सांगा की पैसे घरखर्चातूनच जाणार. "सांगता येत नाही" हा पर्याय ठेवा, पण हिशेबात तो "नाही"त धरा.

आता हिशेब. समजा 100 रुपयांना 70 टक्के, 300 ला 50 आणि 600 ला 30 टक्के लोक "हो" म्हणाले. म्हणजे 20 टक्के 100 वर थांबले, 20 टक्के 300 वर, 30 टक्के निदान 600 देतील, उरलेले शून्य. 20 + 60 + 180, दर घरी सरासरी 260 रुपये. आकडा मुद्दाम कमी धरलेला आहे, म्हणूनच तो उलटतपासणीत टिकतो. अलास्काच्या अभ्यासात मधलं घर, म्हणजे रकमेच्या क्रमाने लावल्यास बरोबर मध्ये येणारं, सुमारे 31 डॉलर द्यायला तयार होतं. देशभराचा अंदाज 2.8 अब्ज डॉलर.

"नाही"चं कारण विचाराच. "कंपनीनेच भरावं" हा निषेध आहे, किनारा नकोसा आहे असं नव्हे. त्याची नोंद वेगळी ठेवा.

सगळ्यात जास्त घात होतो तो व्याप्तीत, म्हणजे नुकसान किती मोठं आहे यात. तेलाच्या डबक्यांत मरणारे 2,000, 20,000 किंवा 2,00,000 पक्षी वाचवायला अमेरिकेत लोकांनी सरासरी 80, 78 आणि 88 डॉलर सांगितले. एकूण पक्ष्यांतला वाटा मात्र तिन्ही वेळा 2 टक्के किंवा त्याहून कमी सांगितला होता, त्यामुळे फरक जाणवला नसावा. म्हणून लहान आणि मोठं नुकसान वेगळ्या गटांना नकाशासह दाखवा. मोठ्याला जास्त "हो" पडले नाहीत, तर प्रश्नावली पुन्हा लिहा.