टोळी उतरायच्या आधी

दसरा-दिवाळी झाली की आमच्या सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात ऊसतोड टोळ्या उतरायला लागतात. बीडकडून येतात, आपल्याच जतहूनही येतात. एकदा फड, म्हणजे ऊसतोड, सुरू झाला की माणसं पहाटे अंधारात निघतात आणि दिवस मावळल्यावर परततात, म्हणून त्यांना रेशन, अंगणवाडी, शाळा आणि दवाखाना मिळवून द्यायची आपली तयारी त्याआधीच झालेली हवी.

सगळ्यात आधी मुकादमाला, म्हणजे टोळी घेऊन येणाऱ्याला, फोन करा. कोयते किती (तोडणाऱ्या नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता), अंगणवाडीच्या वयाची पोरं किती, शाळेची किती, गरोदर कोण, हे वहीत उतरवून घ्या. तीच वही घेऊन अंगणवाडीताई, आशाताई आणि मुख्याध्यापकांना भेटून या. त्याच फोनवर सांगा की आधार, रेशनकार्ड आणि माता-बाल संरक्षण कार्ड गाडीत बसताना जवळ ठेवा. गेल्या हंगामात सात महिन्यांची एक पोटुशी ते कार्ड घरच्या पेटीत ठेवून आली होती. सासूला फोटो काढता येईना. शेजारच्या पोरानं काढून पाठवला, तेव्हा कुठं नर्सबाईंना कळलं की धनुर्वाताचं इंजेक्शन राहिलंय. त्यात पाच दिवस गेले, आणि ते मला अजून खुपतं.

रेशनचं जरा नीट समजून घ्या. ‘एक देश एक रेशनकार्ड’ योजनेमुळं बीडच्या कार्डावर इथल्या दुकानात धान्य मिळतं, पण कोटा एकच असतो. गावाकडं राहिलेल्या म्हाताऱ्यांनी तो सगळा उचलला तर इथं हाती काही लागत नाही. तेव्हा तिकडं किती आणि इकडं किती, हे घरी फोन लावून ठरवायला लावा. आणि अंगठा लवकर लावून घ्या. ऊस तोडून तोडून बोटं घासतात, मग मशीन ठसा घेत नाही. कार्डावरच्या घरातल्या दुसऱ्या कुणाचा अंगठा चालतो.

शाळेसाठी गावाकडून शिक्षण हमी कार्ड, म्हणजे स्थलांतर करणाऱ्या पोरांना शाळेतून मिळणारं कार्ड, आणलं असेल तर उत्तम. नसेल तरी 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणं दाखल्यावाचून प्रवेश अडवता येत नाही, हे शांतपणे पण ठाम सांगा. मात्र धाकट्याला अंगणवाडीत घातल्याशिवाय थोरली शाळेत जाणार नाही, कारण कोपीवर, म्हणजे टोळीच्या झोपडीवर, त्याला सांभाळायला तीच असते. म्हणून आधी अंगणवाडी, मग शाळा.

टोळीच्या तळावर जायचं ते संध्याकाळी, चुली पेटल्यावर. बायकांशी बोलायला बाईच असू द्या.

राहिला 108 चा नंबर. तो सगळ्यांना पाठ असतो, पण गाडी बोलवायची कुठं, हे नवख्या माणसाला सांगता येत नाही. गावाचं नाव, मळा कुणाचा, कॅनॉलच्या कुठल्या अंगाला, जवळचं देऊळ कोणतं, हे मोठ्या अक्षरात लिहा, खाली आपला नंबर टाका, आणि कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून प्रत्येक कोपीच्या मेढीला बांधून या.