बांगड्याच्या कल्ल्यात किडा निघाला तर काय करायचं

बांगडा साफ करताना कल्ल्यात पांढरट, नखाएवढा किडा दिसला की लोक अख्खा मासा फेकून देतात, आमच्याकडेही वर्षानुवर्षं तेच व्हायचं, आणि चांगलं म्हावरं कचऱ्यात गेलेलं बघून मला खरंच वाईट वाटतं. तो जंत नाही, आयसोपॉड आहे, कोळंबी-खेकड्यांच्या नात्यातला. पावसाळ्यात कुंडी उचलली की खाली हात लावताच गोळी होणारे राखाडी किडे असतात ना, ते याचेच जमिनीवरचे भाऊबंद.

आधी दोन्ही बाजूंची कल्ल्याची झाकणं उचलून बघा, कारण बरेचदा एकीकडे मोठी मादी असते आणि दुसरीकडे बारीकसा नर. बांगड्यात सापडणाऱ्यांपैकी नोरिलेका इंडिका ओळखायला सोपा, त्याचं अंग एका बाजूला वळलेलं असतं. तोंडातही बघा. तिकडे कॅलिफोर्नियाच्या आखातातला सायमोथोआ एक्झिग्वा माशाच्या जिभेचं रक्त पितो, जीभ झडून जाते आणि मग हाच जिभेच्या जागी बसतो.

काढताना ओढू नका. सात जोड्या पाय, प्रत्येकाच्या टोकाला वाकडी नखी, ओढलं की पाय तुटून आत राहतात, त्यापेक्षा सरळ कल्लेच कापून काढा, नाहीतरी ते आपण टाकतोच. जिवंत असेल तर बोटाला चावू शकतो, चिमटा वापरा. मग उलटा करून बघाच, मादीच्या पोटाखाली पातळ पिशवी असते, त्यात अंडी नाहीतर पिल्लं, आणि पिल्लांना पाय सहाच जोड्या! ही मादी आधी नर होती, हे लोक आधी नर असतात आणि नंतर मादी होतात.

मासा धुवा, नीट शिजवा, खा. माणसाच्या अंगात हा किडा राहत नाही. फक्त किडा बसलेल्या बाजूचे कल्ले फिके पडलेले असू शकतात, म्हणून ताजेपणा दुसऱ्या बाजूच्या कल्ल्यांवरून आणि डोळ्यांवरून ठरवा.

पण आतून पोखरलेला, अंगाला भोकं पडलेला मासा घेऊ नका. काही मांसाहारी आयसोपॉड जाळ्यात अडकलेल्या माशाच्या आत शिरून मांस खातात, ते चिकटून रक्त पिणारे नव्हेत.

आणि सापडलेला किडा फेकू नका, छोट्या बाटलीत स्पिरिटमध्ये ठेवा, बाहेर चिठ्ठी लावा, कुठला मासा, कुठला बाजार, तारीख, आणि कल्ल्यात होता की जिभेवर.