आईवडिलांच्या बेळगावकडच्या गावी नातेवाईक कसे शोधावेत आणि पहिली भेट कशी घ्यावी

पुण्या-मुंबईत वाढलेली माणसं चाळिशी-पन्नाशीला आली की बेळगाव, खानापूर, निपाणीकडे आईवडिलांचं गाव शोधत येतात. त्यांना हमखास एक सल्ला मिळतो: आधी जमिनीचा उतारा काढा, त्यावरची नावं बघा आणि त्या दारात जाऊन उभे राहा. हा सल्ला ऐकू नका. नातं जुळायच्या आत तुटतं ते या कागदापायी. त्याचं कारण पहिल्या भेटीच्या भागात येईल.

नावं गोळा करा

आईचं गाव शोधत असाल तर तिचं माहेरचं पूर्ण नाव हवं, पाळण्यातल्या नावासकट. लग्नात नाव बदललेलं असतं आणि सासरच्या नावाने माहेरी तिला कुणी ओळखत नाही. वडिलांकडचं शोधताना आडनावावर विसंबू नका. मुंबईत गिरणीत किंवा गोदीत लागताना अनेकांनी गावावरून ‘-कर’ आडनाव लावलं. गावात तेच घर पाटील किंवा देसाई म्हणून ओळखलं जातं. त्यातही अर्धा गाव पाटलांचा असतो. म्हणून आजोबांचं नाव, पणजोबांचं नाव, घराचं पडनाव (गावात त्या घराला पडलेलं नाव) आणि गल्ली, एवढं तरी हाताशी ठेवा. गावात पहिला प्रश्न येतो तो ‘कुणाचा रे तू?’ हाच, आणि त्याचं उत्तर आडनावाने देता येत नाही.

जुन्या दाखल्यावर ‘जि. बेळगाव’ दिसलं म्हणजे गाव आज कर्नाटकातच असेल असं धरू नका. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत चंदगड तालुका तेव्हाच्या मुंबई राज्यात राहिला, तो आता महाराष्ट्रात, कोल्हापूर जिल्ह्यात आहे. निपाणीकडच्या गावांसमोर जुन्या कागदांवर चिकोडी तालुका लिहिलेला सापडेल.

माणसं शोधा

बेळगाव शहरात पत्ता म्हणजे गल्ली. जुनी घरं पाडून तिथे इमारती झाल्या आणि माणसं टिळकवाडी, हिंदवाडी, भाग्यनगरकडे राहायला गेली. पण गल्लीतल्या जुन्या किराणा दुकानदाराला, पिठाच्या गिरणीवाल्याला आणि गणेशोत्सव मंडळाच्या म्हाताऱ्या कार्यकर्त्याला कोण कुठे गेलं ते ठाऊक असतं. सकाळी दहाच्या सुमारास जा, तेव्हा त्यांना बोलायला वेळ असतो. खेड्यात देवळाच्या पंचांना किंवा गुरवाला विचारा.

शाळेचं जनरल रजिस्टर हा दुसरा चांगला धागा. त्यात जन्मगाव, जन्मतारीख, आधीची शाळा आणि शाळा सोडल्याचं कारण असतं. या शेवटच्या रकान्यावरून पुष्कळदा कळतं की कुटुंब कधी आणि कुठे हललं. मराठी शाळांची जुनी रजिस्टरं मराठीत आहेत, त्यामुळे वाचायला सहसा अडचण येत नाही. मात्र नुसतं तोंडी विचारून मुख्याध्यापक ती उघडणार नाहीत. साधा अर्ज, तुमचं ओळखपत्र आणि आईवडिलांशी नातं दाखवणारा एखादा कागद सोबत न्या.

घराण्याचा हेळवी असेल तर त्याला विसरू नका. बैलावरून दारोदार येऊन वंशावळ वाचणारे हे लोक पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या सांभाळतात आणि सुगीनंतर धान्य घ्यायला ठरलेल्या घरी येतात. ‘आपला हेळवी कोण?’ एवढंच भावकीतल्या एखाद्या वयस्क माणसाला विचारा. मुंबईला गेलेल्या शाखेची नावंही कित्येकदा त्याच्या वहीत मिळतात.

दिवस निवडा

1 नोव्हेंबरच्या आसपास जाऊ नका. त्या दिवशी कर्नाटकाचा राज्योत्सव असतो आणि सीमाभागातली मराठी माणसं काळा दिवस पाळतात. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असतं. वातावरण तापलं की दोन्ही राज्यांच्या बस सीमेवरच थांबतात. जुलैत सगळे रोप लावणीच्या चिखलात असतात, तेव्हा पाहुणा जड होतो. फेब्रुवारी ते मे हा काळ बरा. गावात लक्ष्मीची यात्रा असेल तर तेव्हाच जा. काही गावांत ती बऱ्याच वर्षांनी भरते, माहेरवाशिणी झाडून येतात आणि एका दिवसात सगळी भावकी भेटते. शहरातल्यांसाठी वैशाखातल्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक चांगली, त्या रात्री जुन्या गल्लीतली माणसं गल्लीत परत येतात.

रेल्वे मिरज-लोंढा मार्गाने, विमान सांबऱ्याला. राहायला पहिल्या खेपेस लॉजच घ्या.

पहिली भेट

इथेच बहुतेकांचं बिघडतं.

तीस वर्षांनी आत्याचा मुलगा दारात आला की घरात पहिला विचार येतो तो वाटणीचा. याला कारण आहे. कर्नाटकाने 1994 मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा हिस्सा दिला, पण आधी लग्न झालेल्या मुली त्यातून सुटल्या होत्या. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने त्यांनाही हक्क मिळाला. वडील 2005 आधी वारले असले तरी मुलीचा हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. शहराला लागून असलेल्या गावांत जमिनीचे भाव चढलेत आणि कित्येक घरांत आत्या-मावशीच्या सहीवाचून व्यवहार अडून आहे. अशा घरात तुम्ही उताऱ्याची प्रत हातात घेऊन शिरलात तर चहा मिळेल, पण त्यापुढे कुणी मनातलं बोलणार नाही.

म्हणून न सांगता जाऊ नका. दोन्हीकडच्या ओळखीचा एक माणूस मध्ये घ्या. लग्न जमवणारी मावशी, देवळातले पंच, जुना शेजारी, कुणीही चालेल. त्याच्याकडून आधी निरोप जाऊ द्या. मग स्वतः फोन करा आणि पहिल्याच वाक्यात येण्याचं कारण सांगा: ‘मी अमक्याच्या थोरल्या मुलीचा मुलगा. आईची माणसं बघायला येतोय, दुसरं काही काम नाही.’ हे दुसऱ्या वाक्यावर ढकलू नका, तोवर समोरच्याच्या मनात शंका बसलेली असते.

तिथे गेल्यावर घर कुणाच्या नावावर आहे, शेत किती, ऊस किती निघतो, हे विचारायचं नाही. शेताचे, बांधाचे, घराच्या दर्शनी बाजूचे फोटो काढायचे नाहीत. त्यांनी आपणहून शेत दाखवलं तर जा, मोबाइल खिशात ठेवा. वकील मित्राला सोबत नेणं तर पूर्ण वर्ज्य.

तुम्हाला खरोखरच हिस्सा हवा असेल तर तसं उघड सांगा आणि वकिलामार्फत रीतसर जा. नात्याच्या नावाखाली हिश्श्याची चाचपणी करणं हा विश्वासघात आहे, आणि गावात तो दोन पिढ्या विसरला जात नाही.

याची उलट बाजूही सांभाळा. तुम्ही हळवे झालेले असताना एखादा मामा किंवा काका सहीसाठी कागद पुढे करू शकतो. कागद बहुधा कन्नडमध्ये असेल. हक्कसोडपत्राला नोंदणी लागते, ते घाईत उरकण्याचं काम नाही. ‘भावंडांना विचारल्याशिवाय मी सही करत नाही’ एवढं शांतपणे सांगा, प्रत घेऊन या आणि मराठीत वाचून घ्या. पहिल्या भेटीत कशावरही सही नको, कितीही आग्रह झाला तरी.

भावाभावांत भांडण असेल, आणि बहुतेक घरांत असतंच, तर दोन्ही घरी त्याच दिवशी जा. थोरल्याकडे आधी, मग धाकट्याकडे. एकाकडे जेवलात तर दुसऱ्याकडे चहा तरी घ्याच. एका घरचं दुसऱ्या घरात बोलू नका. मधल्या काळात कुणी वारलं असेल तर त्या घरी सगळ्यांत आधी जा, आणि तिथे जाताना मिठाई नको, फळं न्या. इतर घरांत थोरल्या बाईसाठी खण-नारळ आणि मुलांसाठी खाऊ पुरे. महागड्या भेटींनी समोरच्यावर परतफेडीचं ओझं येतं.

फोटो छापून न्या

जुने फोटो मोबाइलवर दाखवू नका, म्हाताऱ्या डोळ्यांना दिसत नाही आणि बोट लागलं की चित्र सरकतं. लग्नातला, अंगणातला, शाळेतला, असे आठ-दहा फोटो ए-फोर आकारात छापा आणि सोबत पेन्सिल न्या. सोप्यावर चटईवर फोटो पसरले की एखादी आजी चेहऱ्यावर बोट ठेवून सांगू लागते: ही थोरली आक्का, हा पोरगा नंदगडला दिली तिचा, मागचा तो शेजारी. तेव्हाच मागच्या बाजूला पेन्सिलीने नाव आणि नातं लिहा. बॉलपेनचा दाब पुढून उमटतो. आजीचं सांगणं मध्ये तोडून सालं विचारू नका. ती नंतर जनरल रजिस्टरातून मिळतील. भिंतीवरच्या हार घातलेल्या तसबिरींखाली मृत्यूची तारीख असते, ती विचारून उतरवून घ्या.

परत आल्यावर

आठवड्याच्या आत पोचल्याचा फोन करा. भेटीतले फोटो छापून पोस्टाने पाठवा, भांडलेल्या दोन्ही घरांना सारखेच आणि एकाच दिवशी. नंबर नात्यासकट साठवा. पत्रिका आली तर लग्नाला जा. आणि कुणी वारल्याचा निरोप आला तर बाराव्याच्या आत पोचा, मग रजा बिनपगारी पडली तरी चालेल.