निंदणी, रात्रीचं पाणी आणि साप

सोयाबीन-कपाशीची निंदणी आली की सर्पदंशाचे दिवस आले असं समजा. २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सापामुळे सुमारे १२ लाख माणसं दगावल्याचा अंदाज आहे, आणि त्यातली जवळपास निम्मी जून ते सप्टेंबरमध्ये.

निंदणाऱ्या बाईकडे जरा बघा. उजव्या हातात खुरपं, डाव्या हाताने ती पाला सारून गवताचा बुडखा धरते. नजरेआधी हात पोचतो, आणि घोणस तिथेच पाचोळ्याच्या रंगात मिसळून बसलेली असते. पिकाच्या तासात, म्हणजे ओळीत, शिरताना आधी काठीने पाला हलवावा. गमबूट आणि जाड हातमोजे मालकानेच आणावेत. फवारणीच्या पंपाला पैसे निघतात, मग याला का नाही?

रात्री पाणी धरायला जाणाऱ्याने बॅटरी डोक्याला बांधावी. मोबाईल खिशात ठेवून अंदाजाने बांधावर चालू नये.

मण्यारीची गोष्ट वेगळी. ती रात्री घरात येते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. दुखत नाही, दातांच्या खुणाही अनेकदा दिसत नाहीत. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. हे पित्त समजून ओवा देत बसू नका. खाटेवर झोपा, मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचा. धान्याची पोती अंथरुणापासून लांब ठेवा, कारण उंदरामागे साप येतोच. लहान मुलांची जास्त काळजी घ्या. विष तेवढंच, अंग मात्र लहान.

दंश झालाच तर जोडवी, बांगड्या, करकचून बांधलेले दोरे लगेच काढा, नाहीतर सुजेत रुततात. आवळून बांधू नका, चिरू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. हात-पाय मोडल्यावर बांधतो तशी पट्टी लावून तो भाग स्थिर ठेवा, रुग्णाला चालवू नका. १०८ ला फोन करा. गाडीला उशीर होत असेल तर मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून न्या. साप मारून दवाखान्यात नेण्याची गरज नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर एकच लस, म्हणजे विष उतरवणारं औषध, चालते. चावल्याची वेळ तेवढी लक्षात ठेवा. निघतानाच फोन करून लस शिल्लक आहे का ते विचारा, म्हणजे एका दवाखान्यातून दुसऱ्यात हेलपाटा पडणार नाही.