भूकंपानंतर उभ्या राहिलेल्या गावांत पोर्ट्रेट टिपताना

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात दगडमातीच्या भिंती आणि त्यावरची जड माळवदं (मातीची सपाट छपरं) भूकंपाने झोपलेल्या माणसांवर कोसळली. पुढे ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. किल्लारी, सास्तूर या पट्ट्यात फोटो काढायला जाणारे बरेच नवखे मनात एकच चित्र घेऊन जातात: सुरकुतलेला चेहरा, पाणावलेले डोळे, मागे पडकी भिंत. असला फोटो शोधत फिरू नका. ही गावं एकमेकांच्या आधाराने उभी राहिली. म्हणून चौकटीत शक्यतो दोघं-तिघं असू द्या: सासू-सून, वाट्याने शेती करणारे शेजारी, बचत गटातल्या बाया. एकट्याचाच फोटो असेल, तर हातातलं काम आणि कामाची जागा दिसली पाहिजे.

पहिल्या भेटीत कॅमेरा पिशवीतच ठेवा. गावातल्या आशाताई किंवा शाळेतले गुरुजी सोबत असले तर दारं लवकर उघडतात. ३० सप्टेंबरला लोक श्रद्धांजलीसाठी जमतात. पहिली ओळख त्या दिवशी करू नका. ऑक्टोबरमध्ये सोयाबीनच्या काढणीची घाई असते, तेव्हा कोणाला बसवून फोटो मागणं बरं नाही. शिवारात जाऊन काम टिपा. ऊसतोडीला जाणारी घरं दिवाळीच्या सुमारास बंद होतात, ती थेट उन्हाळ्याच्या तोंडावर उघडतात.

परवानगी घेताना फोटो कुठे जाणार ते स्पष्ट सांगा: वर्तमानपत्र, प्रदर्शन की इंटरनेट. इंटरनेटवर गेलेला फोटो मागे घेता येत नाही, हेही सांगा. चार पुरुषांदेखत मावशींनी दिलेला होकार खरा धरू नका. त्यांना वेगळं विचारा. मुलांसाठी आई-वडिलांना विचारावंच लागतं.

खरी परीक्षा उजेडाची. उन्हाळ्यात सकाळी आठनंतरच ऊन इतकं कडक होतं की डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. अशा वेळी ओसरीवर या, किंवा माणसाला दाराच्या आत दोन-तीन फुटांवर, तोंड दाराकडे करून बसवा. मागचं घर आपोआप अंधारात जातं, चेहरा मऊ उजळतो. आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते) ४०० ते ८००, अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं ते) एफ ४, शटर १/१२५ सेकंदापेक्षा मंद नको. डोक्यावरच्या पदराची सावली कपाळावर पडत असेल, तर बाजेवर पांढरी चादर पसरा. उजेड खालून परततो. चादर कोरी पांढरीच हवी. फुलाफुलांची असेल तर तिचा रंग गालावर उतरतो.

भिंतींचाही तोच त्रास. निळ्या किंवा हिरव्या भिंतीजवळ बसवलेला माणूस आजारी दिसतो, आणि स्वयंचलित व्हाइट बॅलन्सला (कॅमेऱ्याच्या रंग सावरणाऱ्या सोयीला) ते नीट सावरता येत नाही. भिंतीपासून चार फूट पुढे आणा, रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) टिपा आणि सुरुवातीला एक फ्रेम ग्रे कार्ड (नंतर रंग जुळवायला लागणारं राखाडी कार्ड) हातात देऊन घ्या. पांढरी टोपी आणि सावळा चेहरा एकत्र आले की कॅमेऱ्याचं मीटर फसतं. तिथे उजेडाचं मोजमाप चेहऱ्यावरून करा. टोपीच्या घड्या थोड्या पुसल्या तरी चालतील, चेहरा काळवंडायला नको.

गटाच्या फोटोत मागची रांग धूसर होणं ही हमखास चूक. एफ ८ ठेवा, दोन्ही रांगा एकमेकींना चिकटून घ्या, फोकस पुढच्या रांगेच्या डोळ्यांवर. फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ५० मिमी, क्रॉप सेन्सरवर (लहान सेन्सरवर) ३५ मिमी लेन्स बरी; फार वाइड लेन्सने कडेची माणसं ताणली जातात. कोणाचे तरी डोळे मिटतातच, म्हणून सहा-सात फ्रेम सलग घ्या.

कॅमेरा दिसला की बायका नवी साडी नेसून ताठ उभ्या राहतात. तो फोटो टाळू नका. तो त्यांना भिंतीवर लावायला हवा असतो, म्हणून आधी तोच मनापासून काढा. मग त्या निवांत होतात, कामाला लागतात, तेव्हा तुमचा फोटो मिळतो.

घरात वारलेल्या माणसाचा जुना फोटो असेल आणि घरच्यांनी दाखवला, तर त्याची प्रत काढून द्या. फ्रेममधून काढला तर काचेची चमक टळते; पण काचेला चिकटला असेल तर मुळीच ओढू नका, काचेसकटच टिपा. फ्लॅश बंद, खिडकीचा उजेड बाजूने, कॅमेरा फोटोला समांतर.

शिवारात लेन्स बदलू नका. काळ्या मातीची बारीक धूळ सेन्सरवर बसते. बॅटरी किमान तीन ठेवा, कारण गावात लाइट कधी जाईल याचा नेम नसतो. त्या दिवसाचे फोटो त्याच रात्री दोन ठिकाणी उतरवा.

फोटोखालच्या ओळी लिहिताना नाव, नातं, काम आणि गाव त्या माणसाने सांगितलं तसंच लिहा. ‘भूकंपग्रस्त’ हा शब्द आपणहून चिकटवू नका. त्यानंतर जन्मलेल्या मुलांचे आता संसार थाटले गेलेत. पुढच्या फेरीला ५ बाय ७ इंचाचे प्रिंट न्या, चौकटीतल्या प्रत्येकाला एक. एकाच घरी सगळे देऊन निघालात, तर ते उरलेल्यांपर्यंत बहुधा पोहोचत नाहीत.